चारशे सतराची मंगळवार सकाळ

बस आगाराच्या कम्प्युटर खोलीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. पण टेबलावर पुस्तकांचा ढीग, कानावर पेन्सिल आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बहुतेक' असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

गुरुजींच्या नावावर सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी जावा या कम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. कुठल्या चालकाने कुठल्या दिवशी कुठल्या पाळीला यायचं, याचा तक्ता तो दर आठवड्याला छापून देई. तेव्हा जावा तरुण होती आणि गुरुजींच्या डोक्यावर केस होते. जावा अजूनही जगभर चालत होती. केसांबद्दल तसं म्हणता आलं नसतं.

नव्या साहेबांनी एके दिवशी दारातूनच विचारलं, "गुरुजी, तुमच्या जावाचं पुढे काय?"

एखाद्याच्या रिकामटेकड्या भाच्याची चौकशी करावी तसा तो सूर होता. गुरुजी ओशाळले.

"आहे, तिचं बरं चाललंय, साहेब. बहुतेक."

"मग दोन पानं लिहून आणा. पुढच्या गुरुवारी बैठक. प्रोग्राम तोच ठेवायचा की नव्या भाषेत लिहून घ्यायचा, ते एकदाचं ठरवून टाकू."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आपण इथे आहोत तोवर आपला प्रोग्राम चालावा, आपल्या डोळ्यांदेखत कुणी तो बंद करू नये, एवढीच गुरुजींची इच्छा होती. ही इच्छासुद्धा जरा जास्तच होतेय का, अशी शंका त्यांना लगेच आली.

नव्या भाषेची बाजू मांडणार होती तुफान. वर्षभरापूर्वी लागलेली ही मुलगी इतकी भरभर बोले की ऐकणाऱ्यालाच धाप लागे, म्हणून हे नाव. तिने महिनाभरात तोच प्रोग्राम नव्या भाषेत लिहूनही ठेवला होता.

शत्रूची खोड काढायची तर शत्रू नीट वाचला पाहिजे, असं ठरवून गुरुजींनी नव्या भाषेचं जाडजूड पुस्तक घरी आणलं. पहिल्या प्रकरणाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'उगाच नखरे.' तिसऱ्यात लिहिलं, 'हं.' सातव्यात, 'अरे वा!' जे सांगायला जावात त्यांना अकरा ओळी लागत, ते इथे तीन ओळींत होत होतं. गुरुजींना अपराधी वाटू लागलं. त्यांनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

"काय हो," बायको म्हणाली, "कव्हर घालून चोरून वाचायचं वय गेलं की तुमचं."

"अगं, कामाचं आहे."

"कामाचं वाचताना माणूस गालातल्या गालात हसतो होय?"

दोन पानं तरीही जावाच्या बाजूने लिहून झाली. फक्त त्यांत एकोणीस वेळा 'परंतु' आला होता.

गुरुवारी तुफानने पडद्यावर दोन तक्ते शेजारी शेजारी लावले. "साहेब, हा जुना, हा नवा. पाचशे चालक, चार आठवडे, सगळं तंतोतंत जुळतं. फक्त मंगळवार सकाळ जुळत नाही. जुना प्रोग्राम चारशे सतरा नंबरच्या चालकाला मंगळवारी सकाळची पाळी कधीच देत नाही. म्हटलं, का? तर आत ही ओळ सापडली."

ओळीच्या वर गुरुजींनीच लिहून ठेवलेली सूचना होती: '४१७ ला मंगळवार सकाळ देऊ नये. तात्पुरते. पुढच्या महिन्यात काढणे.' खाली तारीख होती, एकोणीस वर्षांपूर्वीची.

गुरुजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली.

साहेबांनी आगारातून चारशे सतराला बोलावून घेतलं. चाळिशीच्या एक बाई टोपी हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

"मंगळवारी सकाळी तुम्हाला सुट्टी का असते?" साहेबांनी विचारलं.

बाई घाबरल्या. "मी मागितली नाही हो! अकरा वर्षांपूर्वी लागले, हा नंबर मिळाला, तेव्हापासून तसंच येतंय. आई अंथरुणाला खिळलीय. बाकीचे दिवस बहीण बघते, मंगळवारी तिचं काम असतं, मग मी आईला न्हाऊ घालते. मला वाटलं, कम्प्युटरलाच दया आली."

साहेबांचे डोळे चमकले. "बघ, तुफान! याला म्हणतात अनुभव. जुन्या प्रोग्राममध्ये असं शहाणपण मुरलेलं असतं. एका महिन्यात ते कुठून येणार? मला वाटतं, जुनाच ठेवू. काय गुरुजी?"

आता फक्त मान हलवायची होती. मान हलवायला तर घसा लागत नाही. गुरुजींनी मान हलवायला सुरुवातही केली; पण ती खालीवर जाण्याऐवजी डावीउजवीकडे गेली.

"साहेब, यात शहाणपण नाही. दात आहे."

"दात?"

"आधीचे चारशे सतरा वेगळे होते. मोठ्या मिशांचे. त्यांच्या दाढेचं काम दर मंगळवारी असायचं. एक महिना. मी ओळ घातली आणि काढायला विसरलो. ते पुढे आठ वर्षं नोकरीत होते. मी दिसलो की गाल धरायचे. मला वाटायचं, बिचाऱ्याची दाढ काही बरी होत नाही."

तुफान टेबलावर डोकं ठेवून हसत होती. बाईंनीही टोपीआड तोंड लपवलं.

"आणि नवी भाषा चांगली आहे," गुरुजींनी एका दमात उरकलं. "जावा आपल्याशिवाय मजेत जगेल. या कामाला मात्र नवीच बरी. मी पुस्तक दोनदा वाचलं."

"दोनदा?" तुफानने मान वर केली. "गुरुजी, मी अर्धंच वाचलंय! बाकीचं नेटवर बघून ढकललं."

पाच मिनिटांत निकाल लागला. महिनाअखेर जुना प्रोग्राम बंद, नवा सुरू. 'भाषा म्हाताऱ्या होत नाहीत, आपण होतो' असं एक वाक्य गुरुजींनी समारोपासाठी घोकून आणलं होतं. ते खिशातच राहिलं. बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

बाई अजून दारातच होत्या. "मग माझा मंगळवार गेला का?"

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. तुफानने खुर्ची सरकवून कीबोर्ड त्यांच्यापुढे ढकलला. "घाला, गुरुजी. या वेळी मुद्दाम."

गुरुजींनी दोन बोटांनी नव्या भाषेतली आपली पहिली ओळ लिहिली. ती पहिल्या फटक्यात चालली, त्यामुळे त्यांनी ती आणखी तीनदा तपासली. मग वर सूचना लिहिली: '४१७ ला मंगळवार सकाळ देऊ नये. आईसाठी. कायमचे.'

बाई नमस्कार करून निघून गेल्या. गुरुजी 'कायमचे' या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. एवढी खात्री त्यांनी आजवर कशाचीच दिली नव्हती. शेवटी त्यांनी तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'तात्पुरते. पुढच्या महिन्यात काढणे.'

"हे काय?" तुफान म्हणाली.

"असं लिहिलं," गुरुजी म्हणाले, "की कुणी काढत नाही. बहुतेक."