खिडकीकडची फ्रेंच

तीन बहिणींतल्या मधलीनं फ्रेंच घेतली ती खिडकीसाठी. आठवीत जादा भाषा निवडायची वेळ आली तेव्हा फ्रेंचचा वर्ग वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या बाजूला होता आणि बाकीच्या भाषांचे वर्ग खाली, मुतारीला लागून. मुख्याध्यापकांनी पालकसभेत जगाची कवाडं उघडण्याबद्दल जे काही सांगितलं ते तिच्या डोक्यावरून गेलं. तिला एवढंच कळलं की वर हवा येते. धावत जाऊन तिनं खिडकीजवळचा बाक पटकावला आणि पुढचा सगळा घोळ त्या बाकानं केला.

फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा मादाम म्हणायची. वर्गात पोरी इतक्या कोंबलेल्या, की एकेकीला बोलतं करायचं म्हटलं तर मादामना सात जन्म लागले असते. म्हणून त्यांनी आपली एक पद्धत बसवली होती. खिडकीकडच्या ओळींनी प्रश्न विचारायचे, भिंतीकडच्या ओळींनी उत्तरं द्यायची. खिडकी एका सुरात विचारायची, तुझं नाव काय? भिंत एका सुरात सांगायची. खिडकी विचारायची, तुझ्या घराचा रंग कोणता? भिंतीचं घर कायम पांढरं. अधूनमधून बाजू बदलायच्या असं खरं तर ठरलं होतं. पण पहिल्याच वेळी दप्तरं, डबे, बाटल्या आणि जिवलग मैत्रिणी यांची अशी काही फाटाफूट झाली, रडारड झाली, की मादामनी कानाला खडा लावला. तोंडी परीक्षाही जोडीनंच व्हायची. एक खिडकीची, एक भिंतीची. मधलीच्या वाट्याला भिंतीकडची एक काटकुळी मुलगी आली होती, तिला सगळे पेन्सिल म्हणत. दोघींची प्रश्नोत्तरं अशी झडायची की ऐकताना मादामचे डोळे पाणावत.

थोडक्यात काय, दहावीत पोचेपर्यंत मधलीला पुस्तकातलं काहीही विचारता येत होतं आणि सांगता मात्र काडीचं येत नव्हतं. तिला याची खंतही नव्हती. गुण भरभरून पडत होते आणि उत्तरं द्यायला पेन्सिल होतीच.

घरी याचा भलताच अर्थ लागला. बाबा खुर्च्यांच्या कारखान्यात सांधे बसवायचं काम करायचे. पाठीला पाय, पायाला आडवी पट्टी, मध्ये सरस, वरून आवळून धरायला शिकंजा. हातात कसब होतं, पण जिभेला हाड नव्हतं. तरुणपणी एका बुक्कीत रेडा आडवा केला होता, एकदा एका राजाच्या सिंहासनाचा पाय दुरुस्त केला होता, असल्या थापा ऐकून कारखाना पोट धरून हसायचा. पॉलिशवाले काका तर बाबा आत शिरले की म्हणायचे, ‘‘आले बघा, आज काय ठोकणार?’’ त्याच ओघात बाबांनी कधीतरी सांगून टाकलं होतं की आपली मधली फाडफाड फ्रेंच बोलते. साहजिकच कुणी विश्वास ठेवला नाही. गंमत अशी की एवढी एकच गोष्ट बाबांनी मनापासून खरी मानलेली होती. फोनवर पेन्सिलला प्रश्नांमागून प्रश्न विचारताना त्यांनी तिला दाराआडून ऐकलं होतं आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

आणि मग एका शनिवारी दुपारी बाबांचा फोन आला.

‘‘नीट कपडे घाल आणि ताबडतोब कारखान्यात ये. फ्रान्सहून खुर्च्या घेणाऱ्या बाई आल्यात. दुभाषा ठरवला होता, त्याचा घसा बसलाय. मी मालकांना सांगितलं, माझी मुलगी आहे.’’

‘‘बाबा, अहो, पण...’’

‘‘सगळे हसले गं,’’ बाबा हळू आवाजात म्हणाले. ‘‘पॉलिशवाला म्हणाला, रेड्यालाही बोलवा. तू ये फक्त.’’

बाबांच्या आजवरच्या सगळ्या थापा पचल्या होत्या, कारण त्या थापा आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. आज ते सगळ्यांसमोर छातीठोकपणे उभे होते आणि त्यांचं खरं करायचं का खोटं पाडायचं, हे तिच्या हातात होतं. वाटेत तिनं पेन्सिलला फोन लावला. पेन्सिल पोहायला गेली होती.

कारखान्यात लाकडाचा भुसा उडत होता आणि मालक घाम पुसत होते. त्यांच्या मोबाइलमधलं भाषांतर त्या पत्र्याच्या छपराखाली रेंज न मिळून मान टाकायचं. समोर उंच, पांढऱ्या केसांच्या बाई चेहऱ्यावर सभ्य कंटाळा घेऊन उभ्या होत्या. मालकांनी त्यांना स्वतःची, जावयाची आणि हिशेबनिसाची ओळख खुणांनी करून दिली होती. खुर्च्या ज्यांनी केल्या ते सगळे शिकंज्यांच्या मागे रांगेत उभे होते, त्यांच्यात बाबाही. पॉलिशवाले काका ब्रश हातात धरून तमाशा बघायच्या तयारीत होते.

‘‘विचार त्यांना,’’ मालक म्हणाले, ‘‘खुर्च्यांचा दर्जा कसा वाटला?’’

दर्जा पुस्तकात नव्हता. मधलीनं बोंजूर म्हटलं आणि जे पहिलं तोंडात आलं ते खणखणीत विचारलं. तुमच्या घराचा रंग कोणता?

बाई चमकल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, घराचे फोटो दाखवले. दगडी भिंती, निळ्या खिडक्या. मग एका खुर्चीच्या पाठीवर बोट ठेवलं, खिडकीच्या निळ्यावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

‘‘निळा रंग हवाय,’’ मालक हर्षानं म्हणाले. ‘‘सकाळपासून मी तपकिरीच्या छटा दाखवतोय. बरोबर विचारलंस पोरी. आता विचार, किती लागतील?’’

‘किती’चा एकच प्रश्न तिला येत होता. तुम्हाला भावंडं किती?

बाईंनी बोटांवर मोजली. मध्ये एका बोटापाशी थांबून त्या काहीतरी हळू बोलल्या. मग एका मोठ्या टेबलाकडे हात करून भराभरा सांगू लागल्या. भावंडं, टेबल, आरडाओरडा, कुणीतरी खुर्चीवरून पडलेलं, असं काहीबाही हातवाऱ्यांवरून कळत होतं. मालकांनी टेबलाभोवती खुर्च्या मांडायला लावल्या. बाईंनी मान डोलावली आणि बोटानं दाखवलं, असे संच, पुष्कळ.

मग मधलीला जोर चढला. सकाळी काय खाता? पोहायला आवडतं का? आजी कुठे राहते? खिडकीचा सगळा माल तिनं बाहेर काढला. बाई खुलत गेल्या. एवढ्या दूर येऊन, दिवसभर मापं आणि दर ऐकून ऐकून त्यांचे कान किटले असावेत, आणि इथे ही पोरगी त्यांच्या आजीची चौकशी करत होती. मालक जावयाला म्हणाले, ‘‘शिक जरा. गिऱ्हाईक असं हाताळायचं असतं.’’ बाबा शिकंज्यामागे ताठ होत होत जवळजवळ एका वितीनं वाढले.

मग बाई एका खुर्चीत बसल्या. मागे रेलल्या, अंग हलवून पाहिलं. खुर्ची हूं की चूं करेना. त्यांनी खाली वाकून सांध्यावरून अंगठा फिरवला. जावई काहीतरी म्हणायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. त्यांची नजर शिकंज्यांकडे गेली, एकेका माणसाच्या हातांवरून फिरली आणि सरसानं माखलेल्या हातांवर थांबली. बाबांकडे बोट करून त्यांनी मधलीला विचारलं, हे कोण?

प्रश्न तिला कळला. कळणारच, तो तिचाच होता. खिडकीत बसून तिनं तो इतक्या वेळा ओरडून विचारला होता की झोपेतही विचारला असता. आज पहिल्यांदा तो उलट्या बाजूनं येत होता आणि उत्तर भिंतीकडे राहिलं होतं.

तिनं डोळे मिटले आणि भिंतीला ऐकायचा प्रयत्न केला. हे कोण? भिंत लगेच ओरडली, हा पोस्टमन आहे. पुस्तकातल्या त्या पानावर पोस्टमनचंच चित्र होतं. ओठांवर आलेला पोस्टमन तिनं कसाबसा मागे ढकलला. तर त्याच्यामागून पाववाला आला, त्याच्यामागून दाताचा डॉक्टर. बाबा तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू ओघळायला लागलं होतं. ते तिला बघवेना. तिनं पुस्तकाची पानं मनातल्या मनात ओरबाडली, कुटुंबाच्या फोटोच्या धड्यापर्यंत गेली. तिथे भिंतीच्या कोलाहलात पेन्सिलचा बारीक आवाज सापडला.

‘‘से मों पेर,’’ मधली म्हणाली.

बाई उठल्या, शिकंज्यांच्या मागे गेल्या आणि बाबांचा हात हातात घेतला. सरस अजून ओला होता, त्यामुळे दोघांचे हात काही वेळ सुटेनात. बाई मोठ्यानं हसल्या. मालकांनी घाईघाईनं फडकं मागवलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच बाबांना नावानं हाक मारली. पुढची बोलणी आकड्यांची होती, ती फळीवर खडूनं लिहून भागली.

पॉलिशवाले काका बराच वेळ ब्रश तसाच धरून उभे होते. ‘‘पोरीला खरंच येते की,’’ ते शेजारच्याला म्हणाले. मग जरा चिंतेनं म्हणाले, ‘‘म्हणजे तो रेडाही खरा की काय?’’

घरी जाताना मधलीच्यानं राहवेना.

‘‘बाबा, एक सांगू? मला फ्रेंच येत नाही. फक्त प्रश्न येतात. उत्तरं सगळी भिंतीकडच्या मुलींना येतात. आज वाचलो ते नशिबानं.’’

बाबा चालत राहिले. एरवी एवढ्यात त्यांनी हा किस्सा भेटेल त्याला दुप्पट करून सांगितला असता. आज ते कुणाकडे बघतही नव्हते.

‘‘पण शेवटी तू काहीतरी सांगितलंस ना त्यांना? मग त्या माझ्याकडे आल्या.’’

‘‘ते उत्तर होतं. एवढं एकच आलं.’’

‘‘काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, हे माझे बाबा आहेत.’’

बाबांनी हातावरचा सरस नखानं खरवडायला सुरुवात केली. तो पार निघून गेला तरी त्यांचं खरवडणं चालूच होतं.

‘‘आणि,’’ ते म्हणाले, ‘‘ही माझी मुलगी आहे, असं म्हणायचं झालं तर?’’

मधलीनं आठवून पाहिलं. भिंत गप्प होती.

‘‘ते मला नाही येत, बाबा. सोमवारी पेन्सिलला विचारून सांगते.’’

‘‘विचार. कागदावर लिहूनच आण,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्यात मला एकही शब्द वाढवायचा नाही.’’