नंबर काढला आहे

रेवदंड्याच्या डायलिसिस केंद्रात रुग्णांची यादी सांभाळणाऱ्या केसरताईंचा फोन आला, तेव्हा कल्पिता नागावच्या घरी पडवीत लॅपटॉप उघडून बसली होती.

"अगं, चंदाबाई आली नाही अजून. यादीत तिचं नावच नाही. तुझ्या त्या फोनवालीला विचार बघू काय झालं ते."

फोनवाली म्हणजे कल्पितानं केंद्रासाठी तयार केलेली एआय मदतनीस. महिनाभर तीच रुग्णांचे फोन घेत होती. समोरचा काय मागतोय ते समजून घ्यायचं आणि दिलेल्या चार-पाच टूलपैकी, म्हणजे नंबर लावणं, रद्द करणं अशा एकेका कामाच्या सोयींपैकी, एक वापरून यादीत बदल करायचा, एवढंच तिचं काम. कुठलं टूल कशासाठी, हे तिला कळायचं ते टूलला जोडलेल्या वर्णनावरून. ती वर्णनं कल्पितानं एका दुपारी घाईघाईत लिहून टाकली होती.

तिनं सोमवारचं संभाषण उघडलं.

"बाय, बुधवारचा माझा नंबर काढून ठेव हां," चंदाबाई म्हणाली होती.

"तुमचा बुधवारचा नंबर काढला आहे," मदतनीस म्हणाली.

"बरं झालं."

कल्पितानं टूलचं वर्णन पाहिलं. दोनच शब्द होते: 'नंबर काढतं.' लिहिताना तिच्या मनात होतं यादीतून काढणं, म्हणजे रद्द करणं. पण चंदाबाईच्याच काय, अख्ख्या रेवदंड्याच्या तोंडी नंबर काढणं म्हणजे नंबर लावणं. मदतनीसनं शब्दाला शब्द जुळवला आणि लागलेला नंबर खोडला.

चंदाबाईचं आधीचं डायलिसिस शनिवारी झालं होतं. आज बुधवार, चौथा दिवस. कल्पितानं आधी ते टूल बंद केलं, मग चंदाबाईला फोन लावला. फोन बंद. ती स्कूटर काढून निघाली.

चंदाबाईचं घर मासळी वाळवायच्या मैदानामागे होतं. म्हातारी ओट्यावर पाय पसरून बसली होती. पाय सुजले होते आणि बोलताना मधेच थांबावं लागत होतं.

"मावशी, आज आला नाहीत ते?"

"अगं, सुनेच्या मोबाईलवर मेसेज आला... नंबर रद्द. म्हटलं, मशीन बिघडलं असंल. दोन दिसांनी जाऊ."

"मशीन ठीक आहे. चला, आत्ता निघायचं."

"पण नंबर न्हाय ना माझा?"

"आहे. मी सांगते ना."

खरं तर तिला ठाऊक नव्हतं. सुनेनं रिक्षा बोलावली, कल्पिता स्कूटर तिथंच ठेवून म्हातारीशेजारी बसली आणि वाटेत केसरताईंना फोन केला. केसरताईंनी एका रुग्णाला विनंती करून दुपारी यायला सांगितलं. पोचेपर्यंत खाट मोकळी होती. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली. "आज आणलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "आणखी दोन दिवस गेले असते तर जड गेलं असतं."

मशीन सुरू झालं. कल्पितानं बाहेरच्या बाकावर बसून महिन्याभराची संभाषणं चाळली. असेच आणखी दोन नंबर खोडले गेले होते, पण ते दिवस अजून यायचे होते, एक शुक्रवारचा आणि एक शनिवारचा. दोघांनाही फोन करून तिनं ते परत लावले.

चार तासांनी चंदाबाई उठून बसली. श्वास हलका झाला होता.

"मावशी, चूक माझी होती. मी नीट लिहिलं नव्हतं."

"मग आता नीट लिही," चंदाबाई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

कल्पिता केसरताईंसमोर बसली. "ताई, उद्या इथं नवीन बाई कामाला लागली, तर नंबर रद्द करायचं तिला कसं समजवाल?"

"सांगीन की, 'काढ' म्हणाले म्हणून लगेच खोडू नकोस. त्यांना बहुतेक यायचंच असतं. येणार नाही म्हणाले तरच खोड. तेही नाव, वार, वेळ वाचून दाखव, हो म्हणाले की मगच. आणि कळलं नाही तर विचार, लाजू नकोस."

कल्पितानं ते जवळजवळ तसंच टाईप केलं. नंबर लावायच्या टूललाही लिहिलं, की आधीच नंबर असेल तर दुसरा लावू नये, आहे तो सांगावा. मग केसरताईंनी स्वतःच मदतनीसला फोन लावला आणि चंदाबाईचं नाव सांगितलं. "शनिवारचा माझा नंबर काढ गं."

"शनिवारी तुम्हाला यायचं आहे ना?" मदतनीसनं विचारलं. "सकाळी आठचा तुमचा नंबर लागलेला आहे. तो तसाच ठेवते."

केसरताई हसल्या. मग दोघींनी आणखी वीस-पंचवीस तऱ्हांनी विचारून पाहिलं. दोनदा ती अडखळली, तेव्हा कल्पितानं वाक्यं आणखी सोपी केली.

शनिवारी सव्वाआठला केसरताईंचा फोन आला. "सहा नावं, सहाही हजर. चंदाबाई तर दार उघडायच्या आधीच आली."

कल्पितानं फोन ठेवला, कूस बदलली आणि दहा वाजेपर्यंत गाढ झोपली.