अकरा चिमटी राख

मित्रांनो, मी एका जुन्या घराण्यातली, पूवन जातीची केळ आहे. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात लक्ष्मीनारायण रावांचं घर आहे, त्यांच्या परसात विहिरीजवळ आमचं मूळ ठाण. त्या घरच्या तीन पिढ्यांच्या लग्नांत माणसं आमच्याच पानांवर जेवली. मोठेपणा मिरवायला हे सांगत नाही. पण शेजारणीचं कौतुक सुरू होण्याआधी आपलं थोडं सांगून ठेवलेलं बरं.

शेजारीण म्हणजे समोरच्या कुंडीतली. तिचा आणि माझा जन्म एकाच केळफुलातला. रावांची मुलगी स्फूर्ती वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने घरचं एक कोवळं केळफूल नेलं, त्याचे बारीक काप केले आणि काचेच्या बाटल्यांत आम्हाला वाढवलं. तोवर सारं समसमान होतं. मग एक दिवस शेजारणीच्या पेशी वेगळ्या बाटलीत काढल्या आणि माझ्या होत्या तशाच राहू दिल्या. तिथून भेदभाव सुरू झाला.

झालं काय, ते सांगते. केळीला पर्णगुच्छ नावाचा रोग होतो. मावा नावाचे बारीक काळपट किडे रस प्यायला बसतात आणि त्यांच्या तोंडून एक विषाणू आमच्या अंगात शिरतो. मग नवी पानं आखूड, अरुंद निघतात आणि शेंड्याला झुडपासारखी गोळा होतात. घड येत नाही. औषध नाही. झाड उपटून जाळायचं, एवढंच हाती उरतं. हा विषाणू एकटा काही करू शकत नाही. आमच्याच शरीरातली एक गोष्ट हाताशी धरून तो वाढतो. स्फूर्तीने शेजारणीच्या जनुकातली नेमकी तेवढीच जागा कापून बंद केली. याला जनुक संपादन म्हणतात. आता मला सांगा, एका जागी कात्री लागली म्हणून माणसांनी इतकं डोक्यावर घ्यायचं?

तिरुवलंचुळीला, रानाच्या कडेला, दुहेरी दारांचं एक जाळीघर आहे. तिथे तिच्या बाजूला सहा कुंड्या आणि माझ्या बाजूला सहा. पाणी दोन्हीकडे मापून सारखंच मिळायचं, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही. पण पाहुणे आले की थेट तिकडे वळायचे. मी मोजून ठेवलं आहे. पहिल्या महिन्यात तिचे फोटो निघाले बेचाळीस आणि माझे सहा. त्या सहांतल्या दोनांत मी मागे अर्धीच आहे.

पाणी घालायला सौंदर्या यायची, तिरुवलंचुळीचीच. तिच्या अर्ध्या एकरातली केळ या रोगापायी तीनदा उपटावी लागली होती. चौथ्यांदा लावायचा तिला धीर होत नव्हता. रोज सकाळी ती शेजारणीपुढे उभी राहून म्हणायची, "वाढ गं माझे आई! तू टिकलीस तर माझ्या रानात पुन्हा घड दिसेल." मग झारी घेऊन माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, "हं."

नुसतं "हं".

एकदा तिनेच स्फूर्तीला विचारलं, "अम्मा, ही दुसरी ओळ कशाला पोसायची?"

"तुलनेला," स्फूर्ती म्हणाली. "दोन्हींवर सारखाच रोगट मावा सोडायचा. ही ओळ आजारी पडली आणि ती धड राहिली, तर आपलं काम झालं."

"आणि ही पण धड राहिली तर?"

"तर काहीच कळलं नाही. माव्यात विषाणू होता की नव्हता, कोणी सांगावं? परवानगी देणारी समिती म्हणेल, प्रयोग बंद करा. मग सगळी रोपं जाळायची. तुझ्या आईसकट."

सौंदर्याने शेजारणीच्या कुंडीला हात लावून तो डोळ्यांना लावला. माझ्याकडे मात्र तिने असं पाहिलं, की मी अजून आजारी कशी पडले नाही याचं तिला नवल वाटावं! तिचं काम जगणं आणि माझं काम मरणं. मित्रांनो, तुम्हाला राग आला नसता?

मला आला. आणि त्याच आठवड्यात मला माझा माणूस भेटला.

लक्ष्मीनारायण राव रोज दुपारी मुलीचा डबा घेऊन मेलकावेरीहून बसने यायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, हट्टी गृहस्थ. बाहेर सगळ्यांशी तमिळ बोलायचे, पण मुलीशी मात्र तंजावरकडची जुनी मराठी. पाय धुऊन, पांढरा डगला चढवून ते आत आले आणि माझ्यापुढे थांबले. आधी माझ्यापुढे!

"घरची केळ मारायला आणलीस होय गं?" त्यांनी विचारलं.

"मारत नाहीं अप्पा, तपासतें."

"तिकडच्यांना कवच आणि इकडच्यांना किडे. हें कोठलं तपासणं?"

"अप्पा, परीक्षेत तुम्हीच उत्तरं सांगितलांत, तर कोण शिकलं आणि कोण नाहीं, कळेल काय?"

"मी कोणालाच सांगितलों नाहीं कधी," अप्पा फुरंगटून म्हणाले.

स्फूर्ती हसली आणि डबा घेऊन बाहेर जेवायला गेली. अप्पा मागे रेंगाळले. दुसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा त्यांच्या डगल्याच्या खिशात कागदाची पुडी होती. त्यांच्या घरी अजून अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापतं, नारळाच्या सोडणांवर. त्या बंबाची राख, चिमूटभर हळद घालून. त्यांची आई माव्यावर हाच उपाय करायची. त्यांनी आम्हा सहाही जणींच्या पानांच्या बेचक्यांत ती भुरभुरली आणि माझ्याजवळ वाकून पुटपुटले, "त्यांना माझी लेक आहे. तुम्हाला कोण आहे गं?"

अकरा दिवस त्यांनी अकरा चिमटी राख मला घातली. शेजारणीला एकही नाही! मी समोर पाहून पान न् पान हलवून घेतलं. वारा नव्हता, तरीही.

मावा सोडला, पण राखेत तो टिकला नाही. पाच आठवडे झाले. शेजारीण हिरवीगार, आणि मीही हिरवीगार. कात्री न लागता मी तिच्या बरोबरीची! जन्मात इतकी खूश मी कधी झाले नव्हते.

स्फूर्ती मात्र दोन दिवस जेवली नाही. समितीचं पत्र आलं होतं. सहा आठवड्यांनी येतो, निकाल दाखवा. सौंदर्याचं तर पाणी घालतानाचं बोलणंच आटलं. ती शेजारणीलाही "हं" म्हणू लागली. तेव्हा मला पहिल्यांदा जरा चमत्कारिक वाटलं. बरोबरी झाली होती खरी, पण आम्ही दोघी एकाच वखारीतल्या लाकडांसारख्या जळायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी सौंदर्याने माझं पान वाकवलं आणि बोट बेचक्यात घातलं. बोट करडं झालं. राखेत नारळाचा एक करपलेला तंतू होता.

"अम्मा," तिने हाक मारली, "आमच्या गावात सगळीकडे गॅस आलाय. सोडणं जाळून अंघोळ करणारं एकच घर मला माहीत आहे. तेही तुम्हीच कौतुकाने सांगितलेलं."

त्या दुपारी अप्पा डबा घेऊन दारात उभे होते. स्फूर्तीने डबा घेतला नाही.

"अप्पा, हिला राख कोण घातलं?"

अप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सौंदर्याकडे. "मी घातलों," ते म्हणाले. "आई घालायची. बघवलं नाहीं."

यावर बोलली ती सौंदर्या, आणि तिने आवाजही चढवला नाही. "सर, माझ्या रानातली तीनशे झाडं मी याच हातांनी उपटली आहेत. मलाही बघवलं नव्हतं. पण इथे यांचं आजारपण कोणी नीट बघितलं नाही, तर मला ते पुन्हा बघावं लागेल."

अप्पांनी खिशातली पुडी काढून मुलीच्या हातात दिली, शाळेतली मुलं पकडली गेल्यावर कॉपीची चिठ्ठी देतात तशी. सौंदर्याने आम्हा सहा जणींना पाण्याने नीट धुतलं. पान न् पान. इतका वेळ तिने माझ्यासाठी कधीच दिला नव्हता. पुन्हा मावा सोडला. अप्पा रोज येत राहिले, पण डबा देऊन बाहेरच्या बाकावर बसायचे.

या वेळी माव्याने मला सोडलं नाही. चौथ्या आठवड्यात माझ्या नव्या पानाच्या शिरांवर गडद हिरवे ठिपके आणि रेघा उमटल्या. पुढचं पान निम्म्या लांबीचं निघालं, कडेने पिवळं. त्यापुढचं तर वितीएवढंच, ताठ उभं. सारी पानं शेंड्याला दाटली. समोर शेजारीण पदर पसरल्यासारखी रुंद पानं सोडून उभी होती. खोटं कशाला सांगू? मला तिचा हेवा वाटला. आजही वाटतो.

पण एक गोष्ट मोजून सांगते. समितीचे तिघे आले, तेव्हा ते शेजारणीपुढे चार मिनिटं उभे राहिले आणि माझ्यापुढे अकरा. फोटो निघाले तिचे नऊ, माझे तीस. त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ म्हणाला, "ही पडली आहे, म्हणून तिच्या उभं राहण्यावर विश्वास ठेवता येतो." पुढच्या टप्प्याला परवानगी मिळाली. सौंदर्याच्या रानात ते रोप जायला अजून बरीच वर्षं आहेत, हे स्फूर्तीने तिला स्पष्ट सांगितलं. "थांबेन," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. केळीचा मुनवा, म्हणजे बुडातून फुटलेलं रोप, कोणाला प्रेमाने देताना आधी मूळ झाडाच्या शेंड्याकडे बघा. दाटलेली पानं दिसली तर देऊ नका. आणि कोणाची दया आली, तर ती लपवून खिशात आणू नका. विचारून आणा.

आज मला पिशवीत बांधून जाळायला नेणार आहेत. अप्पा सकाळीच आले आहेत, परवानगी घेऊन आत आले आहेत. त्यांचे दोन्ही हात रिकामे आहेत. स्फूर्तीने त्यांना निकालाचा तक्ता दाखवला.

"हिचं नाव कोठें आहे?" त्यांनी विचारलं.

तिने बोट ठेवलं. "हा पहिला रकाना, अप्पा. आधी हिचा आकडा वाचायचा, मग तिचा."

ऐकलंस ना गं शेजारणी? आधी माझा.