तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ

शाळेच्या भिंतीवर टोमासा इश्कोयने पाच मजल्यांची संख्या रंगवली होती. वर नऊ, त्याखाली पुन्हा नऊ, मग सोळा, आणि तळाला दोन शिंपले, म्हणजे दोन शून्यं. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच; मोमोस्तेनांगोच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजधानीतून आलेल्या बार्रिओस साहेबाला ते अर्धवट ठाऊक होतं, आणि अर्धवट ठाऊक असलेल्याच्या हाती सरकारी शिक्का आला की तो गाव नासवतो. सहावी पास टोमासाला गणिताची मास्तरीण म्हणून कायम करायचं की घरी बसवायचं, हे त्याच्या अहवालावर होतं.

“खाली तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ लिहिलंय?” साहेबाने कॅल्क्युलेटर काढला. “बाई, तुमचे लोक विसाने मोजतात ना, दर मजला खालच्याच्या वीसपट? वीस, चारशे, आठ हजार, एक लाख साठ हजार. हे तर पंधरा लाख अठरा हजार चारशे होतात. आणि तुम्ही गणित शिकवणार?”

“चारशेचा मजला कोकोचे दाणे मोजताना, साहेब. हे दिवस आहेत. तिसरा मजला अठरा विसांचा, तीनशे साठ. तिथून वर पुन्हा विसाने.”

“सोयीचं आहे!”

“मग पडताळा घ्या. आमच्या सगळ्या फेऱ्यांनी भाग जावा म्हणून जुन्यांनी ही संख्या निवडली. तुमचीच भागा. आमच्या पूजेच्या वर्षाच्या दोनशे साठने.”

“पाच हजार आठशे चाळीस. बाकी शून्य!”

“तीनशे पासष्टने.”

“चार हजार एकशे साठ. शून्य!”

“शुक्राच्या पाचशे चौऱ्याऐंशीने.”

“दोन हजार सहाशे! बाई, तुम्ही माझीच वकिली करताय.”

बाकावर बसलेला तिचा बाप, दिवस मोजणारा तात लुकास, खोकला. “पोरी, आणखी एकदा भागायला लावलंस तर हा आपलं आडनावही घेऊन जाईल.”

टोमासाने साहेबाच्या संख्येतले अंक मनात मिळवले होते. एकोणीस. म्हणजे तिनाने भाग जात नाही, आणि मंगळाच्या फेऱ्याला तर तिनाने भाग जातोच.

“आता मंगळाचे सातशे ऐंशी.”

साहेबाने बटणं दाबली. पुन्हा दाबली. “एक हजार नऊशे शेहेचाळीस... पूर्णांक सहा सहा सहा...”

“मंगळ असा लोंबकळत नाही, साहेब. माझी भागा.”

“एक हजार सातशे बावन्न.” आवाज खाली आला होता. “बाकी शून्य.”

“आता बाकीच्या तिन्हींनीही भागा.”

त्याने भागले. तिन्ही वेळा शून्य.

“माझ्या अंकांची बेरीज सत्तावीस. यंत्राशिवाय दिसत होतं.”

“मग आधीच का नाही बोललात?”

“तुम्हाला मजा येत होती.”

तात लुकास मोकळेपणाने हसला. साहेबाने कागद पुढे ओढला. “ठीक आहे. उत्तर बरोबर, असं लिहितो.”

“उत्तराला नोकरी नको आहे,” टोमासा म्हणाली, “मला हवी आहे.”

त्याने लिहिलं. तिने खांद्यावरून वाचलं, ‘तात्पुरती’ हा शब्द खोडायला लावला, त्याच्यावर ‘कायम’ लिहून घेतलं, बाजूला सही घेतली, आणि मगच साहेबाला दाराची वाट दिली.