बाळ्याच्या लसी

बाळ्याचं वय बावन्न. गल्लीच्या तोंडाशी त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि त्याच्या तोंडाचा पट्टा असा, की दाढी झाली तरी गिऱ्हाईक उठायचं नाही. मग रक्ताचा कर्करोग झाला आणि दुकानाला कुलूप लागलं.

औषधांनी त्याचं रोगट रक्त मारून थोरल्या बहिणीच्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी त्याच्या अंगात सोडल्या. त्या रुजल्या, पण जुन्या रक्ताबरोबर रोगांशी लढणारी जुनी फौजही गेली होती.

"नव्या टी पेशींना वेळ लागतो," डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "छातीतल्या एका ग्रंथीत त्या तयार होतात आणि वय झालं की ती ग्रंथी आळसावते."

तिसऱ्या महिन्यात या लढणाऱ्या टी पेशींचा आकडा आला साठ, सहाव्या महिन्यात एकशे तीस. तोवर ना गर्दी, ना पाहुणे. एरवी ऊठसूट खेकसणारी ताई डबा आणायची आणि दारातूनच गोड गोड बोलायची. त्या गोड बोलण्याचीच बाळ्याला जास्त धास्ती वाटे.

अकराव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"तीनशे चाळीस! फौज कामाला लागली की हो. आता लसी सुरू करू. लहानपणी घेतलेल्या सगळ्या वाया गेल्या, पहिल्यापासून घ्याव्या लागतील. गोवरची तेवढी अजून वर्षभराने."

बाळ्याला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं.

लसीच्या खोलीत भिंतीवर ससे रंगवलेले. बाकावर एक आई मांडीवर भोकाड पसरलेलं पोर घेऊन बसली होती. सिस्टरनी कार्ड पुढे ओढलं, त्यावर दुधाच्या बाटलीचं चित्र.

"मोठ्यांची कार्डं संपलीत, यावरच लिहिते. बाळाचं नाव?"

"बाळ्या," ताई म्हणाली.

"वय?"

"तसं बघितलं तर अकरा महिने."

"वजन?"

"अडुसष्ट किलो," बाळ्या म्हणाला. "अंगावरचं दूध मानवलं."

सिस्टरने कसंबसं वजन लिहिलं. हसू आवरून तिने सुई टोचली, तसा बाळ्या "आई गं!" करून असा काही ओरडला, की बाकावरचं पोर रडायचं थांबलं. टकामका बघत राहिलं आणि एकदम खुदकन हसलं. मग त्याची आई हसली, सिस्टर हसली, आणि बाळ्याने आणखी एकदा ओरडून दाखवलं.

बाहेर पडताच त्याने टॅक्सीला नकार दिला आणि दंड चोळत भर रस्त्यातून तरातरा चालू लागला. समोरून मालाचा टेम्पो आला.

"अरे मेल्या, डोळे काय दुकानात ठेवलेस?" ताईने कॉलर धरून त्याला मागे खेचलं. "माझ्या पेशी आहेत त्या, फुकट घालवू नकोस!"

अकरा महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसली होती. बाळ्या भर रस्त्यात उभा राहून खूश झाला.

"ताई," तो म्हणाला, "अजून एकदा ओरड ना!"