मी शुद्धीवर आहे

धाकट्या दिराचा ब्लॉग सुनेने पहिल्यांदा वाचला तो औषधाच्या दुकानात, काउंटरपाशी उभं राहून. औषधवाल्यानेच तो मोबाइलवर काढून दाखवला आणि डोळे पुसत विचारलं, आजींना आता कोणीच ओळखू येत नाही का? सुनेला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाच्या आजींबद्दल बोलतोय. मग तिने फोटो पाहिला.

फोटो तिच्याच घरातला होता. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यावर दीर दोन दिवस येऊन गेला, तेव्हाचा. सासूबाई पलंगावर होत्या, पण डोकं लख्ख. पलंगाखालचं भांडं फोटोत येतं म्हणून त्याने ते वहिनीला हलवायला लावलं आणि आईच्या तोंडाशी चमचा धरला. तोही रिकामा; सूप स्वयंपाकघरात निवत होतं. "आई, माझ्याकडे बघ, पण ओळखीचं हसू नकोस," असं वर सांगितलं होतं. आता त्या फोटोखाली लिहिलं होतं, की ज्या माउलीने मला बोलायला शिकवलं, ती आज माझं नाव विसरली. मी रोज तिला माझ्या हाताने भरवतो. खाली हळहळणाऱ्यांची ही रांग. रोज भरवतो म्हणे! या गड्याने दोन दिवसांत स्वतःचं उष्टं ताटसुद्धा उचललं नव्हतं.

मग सुनेला एकेक उलगडा होत गेला. शेजारीण आईंशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं का बोलते ते कळलं. आईंची बँकेतली मैत्रीण निवृत्तीनंतर रोज दुपारी फोनवर त्यांच्याबरोबर शब्दकोडं सोडवायची, तिचा फोन का बंद झाला तेही कळलं. आईंनी आपण होऊन केला, तर तिची मुलगी घेई आणि गोड आवाजात, आजी, आराम करा, म्हणून ठेवून देई. आई तरीही वर्तमानपत्र घडी करून उशाशी ठेवायच्या. "मी तिला काही लागेलसं बोलले का गं?" असं त्यांनी सुनेला दोनदा विचारलं होतं.

घरी येऊन सुनेने सगळं वाचून दाखवलं. आई रडल्या नाहीत. केवढं चिकट लिहितो, म्हणाल्या, आणि किळस आल्यासारखं तोंड पुसलं. भाऊजींना चांगलं झापते, असं म्हणत सुनेने फोन उचलला, तर त्यांनी अडवलं. त्याला झापून काय होणार? वाचलंय लोकांनी, तर सांगायचंही लोकांनाच.

"असलं पान आपल्याला काढता येतं का गं?"

असा तो ब्लॉग सुरू झाला. आई सांगत गेल्या, सून टाइप करत गेली. "मी शुद्धीवर आहे. खुबा मोडलाय, डोकं नाही. धाकट्याला मी नीट ओळखते. तो दोन दिवस आला आणि जेवून गेला. माझ्याशी नेहमीसारखं बोला, एवढंच सांगायला हे लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी दिराने त्या लेखाचा फोटो आपल्या ब्लॉगवर लावला. "जेवून गेला" हे वाक्य तेवढं कापलं होतं. वर लिहिलं होतं, चमत्कार झाला, आईने मला ओळखलं. अभिनंदनांचा नुसता पूर आला.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आईंचा चेहरा उजळला, त्यांनी घाईघाईने वर्तमानपत्र ओढलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, मोठा आणि तोडून तोडून. मी, कोण, बोलतेय, सांग बघू? लेकाच्या सेवेला फळ आलं हो! आईंनी सांगितलं, मला काही झालंच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, बरं, बरं, तसंच. आईंनी पहिला आडवा शब्द विचारला. ते नंतर हं, उगाच डोक्याला ताण नको, असं म्हणून तिने फोन ठेवला.

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. आईंनी रिकाम्या कोड्यासकट वर्तमानपत्राची घडी घालून ते उशाशी ठेवलं.

"बस इथे, पुढचं लिहून घे," त्या म्हणाल्या. "त्याच्या ब्लॉगवर आता मी फक्त मरायची राहिलेय. त्याने तेही लिहायच्या आत माझं लिहून होऊ दे."