सात वाजताच्या तीन उड्या

यादिराने नव्या यंत्राची पेटी पाठीवरून उतरवली, बुटांचा चिखल गवतावर पुसला आणि सिमेंटच्या झाकणाशेजारी उभं राहून तीन उड्या मारल्या. प्रत्येक उडीनंतर दहा सेकंद ती जागची हलली नाही. मग गुडघ्यांवर बसून लॅपटॉप उघडला.

पडद्यावरची रेघ झकास होती. पाय टेकताच ताडकन उसळलेली, दोन-चारदा थरथरलेली आणि अर्ध्या सेकंदात निजलेली. एका उडीचं एकच शिखर. झाकणाखालचं कंपनमापक ठणठणीत होतं, आणि तेच बदलायला ती राजधानीहून चार तास बसमध्ये धक्के खात आणि दोन तास चढण चढून आली होती.

ज्वालामुखीच्या उतारावर जिथे जिथे असं यंत्र पुरलेलं आहे, तिथे एका शेतकऱ्याकडे रेडिओ असतो. त्याला पगार नाही, मान मात्र आहे. रोज सकाळी सात वाजता त्याने यंत्राशेजारी तीन उड्या मारायच्या आणि रेडिओवर डोंगराची खबर सांगायची. धक्का ओळखीचा असला, की रेघ किती उसळली आणि किती वेळात शांत झाली यावरून यंत्राची तब्येत कळते. इथे अकरा वर्षं अनीबालकाका उड्या मारत होते. गेले चार महिने मात्र रेघ निम्मीच उसळत होती आणि प्रत्येक शिखरामागे एक धाकटं शिखर येत होतं. वेधशाळेत पाच जणांनी डोकेफोड केली आणि पायाचा बोल्ट सैल झालाय यावर एकमत झालं. "आज जमलं नाही तर स्टेशन बंद," असं साहेबांनी, विनिसिओंनी, निघतानाच बजावलं होतं. कंपनं टिपणारं हे स्टेशन बंद झालं, तर डोंगरावरून चिखलाचा लोंढा येतोय हे खालच्या नदीकाठच्या गावांना वेळेवर सांगणारं दुसरं काही नव्हतं.

यंत्राची नाडी सगळ्यांनी पाहिली होती. उडी मारणाऱ्याची कुणीच पाहिली नव्हती.

अनीबालकाकांची बायको, रोसाउराकाकू, कुंपणाशी उभ्या राहून मघापासून सगळं बघत होत्या.

"काकू, काकांना बोलवा ना. एकदा त्यांना उडी मारू दे."

"ते बाजारात गेलेत."

"मघाशी तर झोपलेत म्हणालात."

"बाजारातून येऊन झोपलेत." एवढं बोलून काकू स्वतःच ओशाळल्या. हातातला टॉवेल त्यांनी दोनदा पिळला. टॉवेल कोरडाच होता. "गाईनं लाथ मारली, इंजिनियरबाई. खुबा मोडला त्यांचा. चार महिने मीच उड्या मारते."

"तुम्ही?"

"आता मी पडले काडी. माझं वजन भरत नाही, ते काय मला कळत नाही? म्हणून शालीत दहा किलो बटाटे बांधून घेते पाठीला."

यादिराला धाकट्या शिखराचा उलगडा झाला. आधी काकू टेकायच्या आणि त्यांच्यामागून बटाटे. पाच इंजिनियरांचा सैल बोल्ट तो हाच! ती हसत हसत गवतात बसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काकू हसल्या नाहीत.

"रेडिओ काढून नेणार का आता?" त्यांनी हळूच विचारलं. "त्यांचा जीव आहे त्यात."

यादिराचं हसू मावळलं. "आधी काकांना भेटू दे," ती म्हणाली.

घरात अनीबालकाका खाटेवर पडले होते आणि रेडिओ उशाशीच होता. यादिराला पाहताच त्यांनी तो पांघरुणाखाली ओढला.

"आलात? मला वाटलंच होतं. चार महिने लपवलं, हा गुन्हा कबूल."

"मी न्यायला नाही आले, काका." ती खाटेच्या कडेला बसली. तीनदा ती इथे आली होती, पण दर वेळी साहेब सोबत असायचे आणि दर वेळी हे बोलायचं राहून जायचं. "नऊ वर्षांपूर्वी लोंढा आला, त्या दुपारी तुम्ही रेडिओवर ओरडलात आणि पोलिसांनी पुलाअलीकडे एक बस अडवली. चाळीस माणसं होती तिच्यात. तीन मिनिटांनी पूल वाहून गेला. ती बस माझे वडील चालवत होते. ते अजून घरी आहेत, काका. रोज माझ्याशी भांडतात. तुमचे उपकार कसे फेडू?"

अनीबालकाकांनी पांघरुणातून हात काढून नकारार्थी हलवला.

"भलत्याचेच आभार मानतेस, पोरी," ते म्हणाले. "सैन्यात तोफेशेजारी उभं राहून माझा हा कान गेला, दुसऱ्यानं अगदी जवळचं तेवढं ऐकू येतं. त्या दुपारी मी घोरत पडलो होतो. हिनं मला हलवलं. म्हणाली, नदी दगड दळतेय. मी म्हटलं, पाऊस असेल, झोपू दे. तर हिनं रेडिओ माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, मी सांगते तसं बोला."

"पण मग काकूंनीच का नाही…"

"वेधशाळेच्या यादीत नाव माझं ना. आजवर रोज तेच चाललंय. बघते ती, ऐकते ती. मी फक्त बोलतो."

यादिराने मागे वळून पाहिलं. काकू चुलीपाशी वाडग्यात सूप वाढत होत्या. त्यांनी त्यात चीजचा मोठा तुकडा टाकला, जरा थांबून आणखी एक टाकला आणि वाडगा तिच्यापुढे धरला.

"निवेल. आधी खा," त्या म्हणाल्या.

यादिराने वाडगा घेतला. नऊ वर्षं जपलेली कृतज्ञता सगळी एकदम हातात आली होती आणि ती कुठे ठेवावी, तेच सुचत नव्हतं.

पांघरुणाखाली रेडिओ खरखरला. काकांनी तो काढून यादिराच्या हाती दिला.

"यादिरा, काय झालं?" विनिसिओसाहेब विचारत होते. "दोष सापडला?"

"यंत्रात काही दोष नाही, साहेब. स्टेशन चालू राहणार. आपल्या यादीत मात्र एक नाव राहून गेलंय. अकरा वर्षं."

"कुणाचं?"

तिने रेडिओ काकूंपुढे केला. काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हात पुसले.

"काय बोलू?"

"तुमचं नाव सांगा."

काकूंनी बटण दाबलं आणि कचेरीत सांगतात तसं, वडिलांचं आणि आईचं अशा दोन्ही आडनावांसकट, आपलं नाव सांगितलं.

"जरा मोठ्यानं," खाटेवरून अनीबालकाका म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."